कातर नको म्हणून

४ मार्च

नाक वाहतंय, अंगात कणकण आहे आणि ओठाच्या कोपऱ्याला पुळ्या उठल्यात. बारीक ताप आला की मला त्या येतातच. ताप उतू जाऊन बाहेर पडला, असं आई म्हणायची. मशीन बंद ठेवायची सोय नाही. शाळेचे गणवेश द्यायचेत आणि तिथल्या मोठ्या बाई म्हणजे तोंडाने साखर, मापाला खट.

मागच्या खोलीत गुंडी रडते आहे. गुंडी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक, अजून दोन आठवड्यांचीही नाही. घरात नावाची चर्चा चालू आहे, ती चालू दे. नाक शर्टाच्या गुंडीएवढं आहे, म्हणून मी गुंडीच म्हणते. मला आत्या म्हणणारं या जगात हे एवढंच माणूस.

आई गेली तेव्हा धाकटा पाच वर्षांचा आणि मी वीसची. मशीनच्या पायडलशी बसवून मी त्याला वाढवलं. संध्याकाळी मला दिसेनासं झालं की तो दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करायचा आणि सुईत ओवून द्यायचा. "मी तुझा चष्मा, ताई." आता बायको आली, आणि तीही चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारी. लग्नानंतर पहिली भेट काय, तर मला चष्मा! खरा चष्मा. म्हणजे दोरा ओवायला आता कुणाची गरज नाही.

भावजय वाईट नाही. बोलत नाही, एवढंच. बघते. समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावावीत तशी माणसाकडे बघते.

६ मार्च

गुंडीने स्वतःच्याच गालावर ओरखडा काढला. नखं केवढी वाढलीत! बाईसाहेबांनी लगेच डबीतून इवलंसं नेलकटर काढलं. "ताई, हळूच काढते, झोपेत आहे तोवर."

मी म्हटलं, एवढ्याशा बोटांना लोखंड लावतेस? कातर चालवण्यात माझा जन्म गेला. ती कशी घसरते ते मला विचार. हा बघ अंगठा, तीस वर्षांपूर्वीचा वण अजून आहे. तान्ह्याची नखं दाताने काढायची. कागदासारखी असतात, दोरा तोडावा तशी सुटतात. धाकट्याची मी अशीच काढली, त्याचं काही अडलं का?

ती म्हणाली, "पण ताई, तुमच्या ओठाला..."

"अगं, नखं दाताने काढायचीत, ओठाने नाही!"

यावर धाकटा खो खो हसला. मग ती गुंडीला मांडीवर घेऊन तिचा हात धरून बसली. मी एकेक बोट तोंडात धरलं आणि सगळी नखं काढली, उजव्या हाताची नीट, डाव्याची थोडी घाईत. दुधाचा वास येत होता बोटांना. पोर जागीसुद्धा झाली नाही. नंतर धाकटा म्हणाला, "ताईच्या हाताला तोड नाही." "दाताला म्हण," मी म्हटलं. किती दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो.

१३ मार्च

गणवेश दिले. नेहमीप्रमाणे दोन परत आले, पोरं वाढली म्हणे चार दिवसांत.

गुंडीच्या उजव्या हाताच्या बोटावर पुटकुळ्या आल्यात, पाणी भरल्यासारख्या. बाईसाहेबांनी दुकानातून आणलेले ते गुळगुळीत हातमोजे घातले होते ना, त्यांचंच घर्षण. घरात माझ्यासारखी शिंपीण असताना दुकानातले मोजे! मी बसल्या बैठकीला मऊ सुती कापडाचे दोन शिवले. माझ्या ओठाची खपली पडली. चला, एक तरी कटकट गेली.

१५ मार्च

गुंडी आज अंगावर पीत नाही. नुसती झोपते. अंग किंचित कोमट. भावजय दर थोड्या वेळाने तिच्या तळव्याला टिचकी मारून उठवते. मी म्हटलं, आई झालीस की घड्याळ? झोपू दे की. झोपतात ती वाढतात. दवाखान्यात नेलं तर दहा आजारी पोरांत बसवावं लागेल, तिथून नसलेलं दुखणं घेऊन येशील. उद्यापर्यंत बघू.

धाकट्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग म्हणाला, "ताई म्हणते तर उद्यापर्यंत बघू."

१६ मार्च

सकाळी मी दुकानाचं दार उघडत होते. आतून भावजय ओरडली. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. गुंडीचा उजवा हात आपोआप हलत होता, ठेका धरल्यासारखा. ओठांचा मचमच आवाज, डोळे एका बाजूला. मी हात धरून ठेवला तर माझ्या मुठीत तो हलतच राहिला. भावजयेने ना चप्पल घातली ना माझ्याशी एक शब्द बोलली. पोर उचललं आणि रस्त्यावर पळाली. धाकटा मागे. मी दुकान तसंच उघडं टाकून त्यांच्या मागे.

दवाखान्यात म्हणाले, मेंदूला सूज आहे. विषाणूची असावी. डॉक्टरीणबाई वयाने भावजयेएवढीच आहे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. मला त्या खोलीतून बाहेर काढलं, बरंच झालं. एवढीशी पाठ ती.

मग डॉक्टरीणबाईने आम्हा तिघांना उभं करून विचारलं, "घरात कुणाच्या ओठावर, तोंडावर पुळ्या आल्या होत्या का? हल्लीच?"

मी म्हटलं, "आमच्या घरात असलं काही नाही हो. स्वच्छ घर आहे." आपल्या घराची शोभा कोण करून घेईल? आणि मला होता तो साधा ताप, तोही उतून गेला होता.

भावजय माझ्याकडे बघत राहिली. का कोण जाणे.

थोड्या वेळाने बघितलं तर ती डॉक्टरीणबाईला कोपऱ्यात गाठून काहीतरी कुजबुजत होती. लगेच दोघी गुंडीचं बोट बघायला गेल्या. पाण्याचा रिपोर्ट यायच्या आतच औषध सुरू केलं. डोक्याच्या शिरेतून. गुंडीच्या डोक्याचे एका बाजूचे केस भादरलेत. नाव असायक्लोव्हिर. मी तीनदा विचारून घेतलं.

चोरून काय सांगायचं होतं तिला? जे आम्हा बहीण-भावासमोर बोलता येत नाही असं?

१८ मार्च

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईला संशय होता तोच विषाणू. तीन आठवडे औषध, दर आठ तासांनी, प्रत्येक वेळी तासभर थेंब थेंब. किडनीवर जोर येतो म्हणून सिस्टर लंगोट वजन करून बघतात. झटक्यांचं औषध वेगळं.

धाकट्याने विचारलं, "वाचेल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाली, "औषध लवकर सुरू झालंय, ही जमेची बाजू. पण मेंदूला किती इजा झाली ते आत्ता सांगता येणार नाही." जमेची बाजू म्हणे. पोर आहे की वही?

आज भावजयेला पडद्याआड नेऊन तपासलं. बायकांच्या डॉक्टरीण वेगळ्या आल्या होत्या. तिचं रक्तही घेतलं. मी सिस्टरला विचारलं, आईला कशाला तपासता? ती म्हणाली, "हा विषाणू कधी कधी बाळंतपणात आईकडून येतो, म्हणून बघून घेतात."

आईकडून! आणि कसला विषाणू, कुठे असतो, कसल्या संबंधातून लागतो, तेही तिने सांगितलं. माझे तर कान गरम झाले.

१९ मार्च

मला सांगायचं नव्हतं. पण धाकटा माझ्या शेजारी बाकावर बसून विचारत होता, "कुठून आलं गं हे, ताई? आपण कुणाचं काय वाईट केलं?" त्याचे डोळे सुजले होते. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर म्हणाली, आईकडून येतो."

तो म्हणाला, "म्हणजे?"

म्हटलं, "म्हणजे काय ते तू समजून घे. मी कुणावर आळ घेत नाही. पण तिने डॉक्टरीणबाईला बाजूला नेऊन काय सांगितलं, ते तुला सांगितलं का? पडद्याआड कशाला तपासली?"

तो उठून जिन्याकडे गेला. मला वाईट वाटलं. पण त्याला अंधारात ठेवणं बरं का? मी त्याच्या आईच्या जागी आहे.

२४ मार्च

झटके थांबले. गुंडीने आज डोळे उघडले आणि छताकडे बघितलं. भावजय रात्रंदिवस खुर्चीवर असते. दूध काढून देते, ते नळीने पोटात घालतात. माझ्याशी बोलते ती फक्त कामाचं. "ताई, पाणी द्या." "ताई, दार लोटा." आत जायचं तर तोंडाला फडकं आणि हात कोपरापर्यंत धुवायचे, हा नियम सगळ्यांनाच आहे. पण मी धुताना ती नळाशी येऊन उभी राहते आणि बघते. जसं काही मीच घाण आहे! मी म्हटलं, "अगं, माझे हात सुईसारखे स्वच्छ असतात." ती म्हणाली, "हो ताई. तोंडाला फडकं नीट बांधा."

तिचे रिपोर्ट आले. तिच्यात काही नाही. डॉक्टरीणबाईने दोघांना बसवून सांगितलं, "आईला हा संसर्ग कधी झालेलाच नाही. तिच्या रक्तात त्याच्याशी लढणारं काही नाही, म्हणून बाळालाही आईकडून ते कवच मिळालं नाही. जन्मानंतर कुणाकडून तरी आलं. बहुतेकांना कळतही नाही की ते आपल्याकडे आहे."

धाकट्याने बाहेर येऊन मला हे सांगितलं. चेहरा जरा मोकळा झाला होता. आता माझं काय चुकलं ते देव जाणे, पण तो मोकळा चेहरा बघून मला धस्स झालं. म्हणजे मी खोटी पडले की! मी म्हटलं, "आज नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं कुठे?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचा चेहरा पुन्हा मिटला.

२ एप्रिल

डोक्याचा फोटो झाला. डाव्या बाजूला इजा आहे. उजवा हात आणि पाय कमी चालतील. बोलण्याचं, शिकण्याचं आत्ताच सांगता येत नाही. फिट पुन्हा येऊ शकते. डॉक्टरीणबाई बोलत होती आणि मी तिच्या कोटाची टीप बघत होते. खिशाशी उसवली होती. दुसरीकडे कुठे बघणार?

धाकटा आणि भावजय दोन टोकांना दोन खुर्च्यांवर. मध्ये पाळणा. कशात काय आणि फाटक्यात पाय.

मालिश शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. उजवी मूठ उघडी राहावी म्हणून अंगठ्याला पट्टी हवी, बाजारात एवढी लहान मिळत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मी शिवते. माप घ्यायला हात हातात घेतला. हेच ते बोट. पुटकुळ्यांच्या जागी गुलाबी डाग राहिलेत. मी त्या बाईंना सहज विचारलं, "हे पहिलं बोटावर का बरं आलं असेल?"

त्या म्हणाल्या, "शिरकाव तिथूनच झाला असणार. कुणीतरी बोट तोंडात घेतलं असेल. काही लोक नखं दाताने काढतात बघा, अडाणीपणा."

मी माप चुकीचं लिहिलं. पुन्हा घ्यावं लागलं.

३ एप्रिल

दुकान बंद.

४ एप्रिल

दुकान बंद. मी पुन्हा पुन्हा तेच धरून बसते. खपली तर पडत आली होती. नाही, पडली नव्हती. ती पडल्याचं मी १३ तारखेला इथेच लिहिलं आहे. धाकट्याची नखं मी वर्षभर अशीच काढली, त्याला काही झालं नाही. मग हिलाच का? जगात सगळ्या आत्या, आज्या हेच करतात. मी वाईट हेतूने केलं का? कातर नको म्हणून केलं.

हे सगळं खरं आहे आणि त्याने काहीएक फरक पडत नाही.

८ एप्रिल

काल गुंडी घरी आली. पाठीतलं पाणी पुन्हा तपासलं, स्वच्छ आहे. आता सहा महिने तोंडाने औषध. ती दूध ओढते, पण मध्येच विसरते. उजवी मूठ घट्ट. पट्टी बसली. कापड टोचत नाही.

धाकटा दुकानातल्या पलंगावर झोपतो. "तिला बाळाबरोबर जागा मोकळी हवी," म्हणाला.

११ एप्रिल

दुपारी धाकटा कामावर गेला होता. भावजयेने आतून हाक मारली, "ताई, जरा या. हिचा हात धरता?"

तिच्या हातात ते इवलंसं नेलकटर होतं. उजव्या मुठीतली नखं वाढून तळव्यात रुतत होती. मी एकेक बोट उलगडून धरलं, तिने एकेक नख काढलं. बोटं सोडली की परत मिटत होती.

मग ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलेलं नाही."

मी म्हटलं, "काय?" पण मला माहीत होतं.

"डॉक्टरांना सांगितलं. पहिल्याच दिवशी, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा. तुमच्या ओठाचं आणि नखांचं. म्हणून त्यांनी रिपोर्टची वाट बघितली नाही." ती नेलकटर फडक्याने पुसत होती. "तुमच्या भावाला नाही सांगितलं. ते तुम्हाला आईच्या जागी मानतात. बाळाचं काय होतंय ते कळेपर्यंत त्यांचं दुसरं काही मोडायला नको, असं वाटलं. आणि मीही हात धरून बसलेच होते ना त्या दिवशी. नको म्हणून हिला हिसकावून घ्यायला हवं होतं."

मी म्हटलं, "अगं..."

"तुम्ही मात्र त्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "माझ्याबद्दल. त्यांनी मला विचारलं, ताई. आपलं पोर नळ्या लावून पडलेलं असताना त्यांनी मला विचारलं, आधी कोण होतं म्हणून."

ती रडली नाही. रडली असती तर मला तिच्या डोक्यावरून हात फिरवता आला असता.

१२ एप्रिल

आज सांगितलं.

चहा देऊन धाकट्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "ऐक. गुंडीला माझ्यामुळे झालं. माझ्या ओठावर पुळ्या होत्या आणि मी नखं दाताने काढली. तू तिथेच होतास, हसलास. डॉक्टरीणबाईने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुझी बायको कोपऱ्यात हेच सांगत होती. तिचा काही दोष नाही. तिच्यामुळे पोर वाचली."

एका दमात सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे भरले. म्हटलं, बोल रे बाबा, शिव्या दे, हात उगार.

तो म्हणाला, "तिने तुला हे बोलायला लावलं?"

"नाही रे! मीच सांगतेय."

"ताई, तू माझ्यासाठी शिक्षण सोडलंस. लग्न केलं नाहीस. आता तिचंही स्वतःवर घेतेस? माझा संसार टिकावा म्हणून?"

"अरे, डॉक्टरीणबाईला जाऊन विचार! तिचे रिपोर्ट चांगले आलेत!"

"आज नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं कुठे?"

माझंच वाक्य. टाक्याला टाका, जसं मी घातलं होतं तसं. मी त्याचे खांदे धरून हलवलं, ओरडले, "मी केलं! मी!" त्याने मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. "असू दे, ताई. एवढं मोठं मन कुणाचं नसतं."

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. मधल्या दारात भावजय उभी होती, हातात औषधाचा चमचा. तिने सगळं ऐकलं होतं. चमचा तिने खाली ठेवला नाही. आत जाऊन गुंडीला औषध पाजलं, तोंड पुसलं आणि मग कपाटावरची बॅग खाली काढली.

१४ एप्रिल

भावजय गुंडीला घेऊन तिच्या आईकडे गेली. मी हाताच्या तीन पट्ट्या शिवून दिल्या, वाढत्या मापाच्या. तिने त्या घेतल्या. "औषधाच्या वेळा मला पाठ आहेत, ताई. काळजी करू नका," म्हणाली. गुंडी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, किंवा भिंतीकडे. मी पापा घ्यायला पुढे झाले नाही. हात मागे बांधून दारातच उभी राहिले.

धाकट्याला म्हटलं, जा रे तिच्यामागे, जा. अजून कोपऱ्यावरच असेल. तो म्हणाला, "तू एकटी पडशील."

संध्याकाळी उसवायला घेतलेला गणवेश तसाच मांडीवर होता. चष्मा कुठे ठेवला ते सापडेना आणि सुई काही ओवता येईना. तो येऊन पायडलशी खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. माझ्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवून दिलं.

"बघ ताई," म्हणाला, "अजून येतं मला."